दूधसागरची जीपयात्रा : एक ओलसर अभ्यास

गोव्यातील पर्यटनाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिल्या भागात मनुष्य समुद्रकिनारी पडून राहतो आणि दुसऱ्या भागात, नुसते पडून राहून पैसे वसूल होत नाहीत अशी शंका आल्यामुळे, तो पहाटे उठून कुठेतरी जातो. या दुसऱ्या भागातील सर्वांत प्रतिष्ठित प्रकार म्हणजे दूधसागर धबधब्याची जीप-सफारी होय. गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवर, मांडवीच्या खोऱ्यात, सुमारे ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळणारा हा धबधबा भगवान महावीर अभयारण्याच्या हद्दीत येतो, आणि त्याच्या पायथ्याच्या डोहात डुंबायचे असेल तर कुळे या गावातून परवानाधारक गाडीने जंगलातली कच्ची वाट तुडवत जावे लागते. सफारीची अधिकृत व्याख्या एवढीच आहे. तिच्यात पहाटे साडेचारचा गजर, सातवा प्रवासी, नारिंगी जॅकेट, माकडे आणि परतीची ओली विजार यांचा समावेश नसल्यामुळे ती अपुरी ठरते, आणि हे अपुरेपण दूर करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या सफारीचा अभ्यास करणाऱ्यास प्रथम जाणवते ते धबधबा आणि जीप यांच्यातील वैर. पावसाळ्यात धबधबा नावाला शोभेल असा फेसाळतो, परंतु त्याच पावसाने वाटेतली नदीही फुगते आणि गाड्या बंद राहतात. ऑक्टोबरच्या सुमारास नदी ओलांडण्याजोगी झाली की गाड्या सुरू होतात, आणि ज्या कारणाने नदी उतरते त्याच कारणाने धबधबाही उतरू लागतो. पुढे परीक्षा संपून महाराष्ट्रातील सर्व कुटुंबे मे महिन्याच्या एकाच आठवड्यात गोव्यात दाखल होईपर्यंत नावातला सागर वजा झालेला असतो आणि घरटी पेलाभर दूध तेवढे शिल्लक राहते. जाहिरातीतले छायाचित्र मात्र बारा महिने ऑगस्टचेच असते.

“फोटोत पाणी जास्त होतं,” अशी तक्रार एखादे काका करतात.

“तो ऑगस्टचा फोटो, साहेब,” मार्गदर्शक सांगतो.

“मग ऑगस्टमध्येच का नाही आणत?”

“ऑगस्टमध्ये जीप बंद असते.”

या उत्तरात कुठेतरी फसवणूक आहे हे काकांना कळते, पण ती निसर्गाने केलेली असल्यामुळे पैसे परत कोणाकडे मागावेत हे कळत नाही. भर पावसातच धबधबा पाहण्याचा हट्ट असणारी काही मंडळी रेल्वेच्या रुळांवरून चालत जातात. ते नियमाविरुद्ध असल्यामुळे २०२३ च्या जुलै महिन्यात रेल्वे पोलिसांनी अशा पदयात्रींना रुळांशेजारीच उठाबशा काढायला लावल्याची दृश्ये देशभर पाहिली गेली. जीप-सफारीत हाच व्यायाम कायद्याच्या चौकटीत राहून, बसल्या जागी आणि रीतसर पावती घेऊन करता येतो, हा तिचा मोठाच फायदा मानला पाहिजे.

सफारी पहाटे सुरू होते असे म्हणतात. वस्तुतः पहाटे सुरू होते ती वेचणी. कळंगुट, बागा, कांदोळी या पट्ट्यातील हॉटेलांपुढे थांबत थांबत पर्यटक गोळा करणारी बस पाचच्या सुमारास निघते, आणि तिचा क्रम असा ठरलेला असतो की ज्या कुटुंबाने साडेचारचा गजर लावून, आंघोळी उरकून, थर्मासमध्ये चहा भरून पाचाच्या ठोक्याला फाटकाशी उभे राहण्याचा वक्तशीरपणा दाखवला, त्याला सर्वांत आधी बसमध्ये बसवून पुढचा सव्वा तास इतरांची फाटके दाखवली जातात. धबधब्यात डुंबायला जाण्यापूर्वी आंघोळ कशासाठी, हा प्रश्न मराठी घरात विचारता येत नाही. पारोशाने उंबरठा ओलांडायचा नाही, मग पुढे साक्षात समुद्र का असेना. प्रत्येक फाटकाशी मार्गदर्शक फोन लावतो. “उतरलात का खाली?” “हो, हे काय, खालीच आहोत,” असे उत्तर येते, आणि ज्या आवाजात ते येते तो आवाज उशीतून निघालेला असतो. खाली असल्याचे सांगणारे जोडपे वीस मिनिटांनी वरून उतरते, तेव्हा बसमधील सर्वजण त्यांच्याकडे अशा नजरेने पाहतात की त्या क्षणी परस्परांना अनोळखी असलेल्या तीस माणसांचा प्रथमच एक समाज तयार होतो. समान शत्रूशिवाय समाज उभा राहत नाही, हे समाजशास्त्रात फार पूर्वी मान्य झालेले आहे.

पणजीपासून कुळे साधारण ६० किलोमीटरवर आहे. तिथे बस संपते आणि रांग सुरू होते. वनखात्याचे शुल्क, गाडीचे भाडे आणि लाइफ जॅकेटचे भाडे असे पैसे वेगवेगळे भरावे लागतात, आणि सगळे खर्च धरून घेतलेल्या पॅकेजात नेमके जॅकेट धरलेले नसते, ही बाब त्याच ठिकाणी उघड होते. परंतु खरा पेच पुढेच आहे. एका जीपमध्ये सात प्रवासी बसवतात आणि भाडे सात जणांत विभागले जाते. हा नियम ज्याने केला त्याला अंकगणित चांगले येत असावे, पण कुटुंब या संस्थेचा त्याला गंध नसावा, कारण सहलीला निघालेले मराठी कुटुंब सात जणांचे कधीही नसते. ते सहा जणांचे असते किंवा आठ जणांचे.

कुटुंब सहा जणांचे असल्यास प्रश्न येतो तो रिकाम्या जागेचा. न बसलेल्या माणसाचे पैसे भरणे मराठी मनाला पटत नाही आणि परक्या माणसाला मांडीला मांडी लावून बसू देणे हेही पटत नाही, या कोंडीतून “छोट्याला मी मांडीवर घेतो, त्याचं तिकीट कशाला?” असा तिसरा मार्ग निघतो, जो मूळ प्रश्नाशी पूर्णतः असंबद्ध असतो आणि तरीही खिडकीशी तावातावाने मांडला जातो. कुटुंब आठ जणांचे असेल तर एकाला दुसऱ्या गाडीत धाडावे लागते, आणि येथे आत्या या पात्राचे आगमन होते. “मी जाते त्या गाडीत, माझं काय एवढं,” असे आत्या म्हणतात, आणि त्या असे म्हणाल्यानंतर त्यांना त्या गाडीत जाऊ देणे घरातल्या कोणालाही शक्य राहत नाही. मग सुनेने जावे असे ठरते. सून गेली तर तिच्याबरोबर मुलगा जातो. मुलगा गेला की नातू रडू लागतो. आणि अशा रीतीने आठाचे पाच उरून दोन जागा रिकाम्या पडल्यावर आत्यांना कोणी काही न विचारता त्या पुढच्या खिडकीत जाऊन बसतात.

रिकाम्या जागेवर मार्गदर्शक एकट्याने आलेल्या एखाद्या तरुणाला आणून बसवतो. हा सातवा प्रवासी बहुधा बंगळुरूहून आलेला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला आणि निसर्गाच्या एकांतासाठी रजा घेतलेला असतो. पहिला ओहोळ येण्यापूर्वी त्याचे मूळ गाव कोणते ते निघते, दुसऱ्या ओहोळापर्यंत पगार निघतो, आणि अभयारण्याच्या ऐन गाभ्यात, जिथे बिबट्याचा वावर असल्याची पाटी दिसते, तिथे आत्या त्याला कोकणातल्या एका मुलीबद्दल सांगू लागतात. या जंगलातील प्राणी माणसांच्या वाटेपासून दूर का राहतात याचे कारण प्राणिशास्त्राने अजून नीट तपासलेले नाही.

गाडीच्या यंत्ररचनेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांपर्यंत जाते. चारही चाकांना ती पोचवणाऱ्या रचनेला फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात, आणि तिच्यामुळे एखादे चाक चिखलात नुसते फिरू लागले तरी उरलेली चाके गाडीला ओढून काढतात. अशा गाडीत मुख्य गिअरपेटीखेरीज आणखी एक लहान दांडा असतो. तो ओढून ‘लो-रेंज’ लावली की चाकांचा वेग घटतो आणि जोर वाढतो, म्हणजे गाडी सावकाश पण हट्टाने चढते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेली जीपची जात महिंद्र कंपनीने १९४७ पासून भारतात जुळवायला घेतली आणि तिचे वंशज आज कुळ्याच्या जंगलात दिवसभर पर्यटक वाहतात. ही सर्व माहिती जीपमध्ये बसलेल्या प्रत्येकाला मिळते, कारण चालकाशेजारी आत्यांना चिकटून घरातले जावई बसलेले असतात. जावयांकडे पुण्यात याच प्रकारची मोठी गाडी असते. ती आजवर मॉलच्या तळघरातून वर येण्यापलीकडे कोणताही चढ चढलेली नसते, तथापि तिची माहितीपुस्तिका त्यांनी वाचलेली असते.

“आता तुम्ही लो-रेंज टाकणार ना?” पाणी दिसताच जावई विचारतात.

चालक हसतो. त्याच्या पायात रबरी चपला असतात, एक कोपर खिडकीबाहेर असते आणि तो लहान दांडा, ज्याच्यावर जावयांनी दहा मिनिटे व्याख्यान दिले, त्याने पाण्याची बाटली अडकवण्यासाठी वापरलेला असतो.

“पाण्यात गिअर बदलायचा नसतो, अॅक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा, नाहीतर सायलेन्सरमधून पाणी आत जातं,” जावई मागे वळून सर्वांना बजावतात. हे शास्त्रदृष्ट्या खरे आहे. चालकही तेच करत असतो, फक्त न बोलता.

“बुडणार नाही ना हो?” मागून आत्यांच्या वहिनी विचारतात.

“कांयच जावचें ना,” चालक सांगतो, म्हणजे काहीही होणार नाही. कोकणीतले हे वाक्य तो त्या दिवसात कितव्यांदा उच्चारत असतो हे त्यालाही सांगता येणार नाही. गाडी नदीत उतरते, पाणी पायरीपर्यंत चढते, आणि त्या क्षणी सातही प्रवासी, कोणी कोणाला न सांगता, आपापले पाय वर घेतात. पाय वर घेतल्याने गाडी तरंगते असा कोणताही नियम पदार्थविज्ञानात नाही. तरीही गाडी पलीकडे निघते आणि त्याचे श्रेय प्रत्येकजण मनातल्या मनात स्वतःच्या पायांना देतो.

दोन ओहोळांमधली वाट लाल मातीची, दगडांची आणि उघड्या मुळांची आहे. हा दहा-बारा किलोमीटरांचा प्रवास पाऊण तासाचा असला तरी त्यात शरीराचे जे स्थलांतर होते ते कितीतरी अधिक भरते, कारण प्रवासी पुढे जाण्याबरोबरच सुपात पाखडल्या जाणाऱ्या तांदळाप्रमाणे सतत वरही जात असतात. शहरात खड्डा लागला की नगरसेवकापासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सर्वांचा उद्धार करणारे काका येथे प्रत्येक आदळीला “वा!” म्हणतात, कारण पैसे भरून घेतलेल्या दणक्याला दाद द्यायची असते, एवढा व्यवहार त्यांना समजतो. वाटेत समोरून येणाऱ्या जीपमधले लोक भिजलेले, दमलेले आणि गप्प असतात. ते हात हलवत नाहीत. या लक्षणाकडे जाणारे लोक दुर्लक्ष करतात.

लाइफ जॅकेट सक्तीचे आहे आणि ते योग्यच आहे, कारण डोह खोल असून त्यात माणसे बुडालेली आहेत. परंतु जॅकेट पाण्यात घालायचे असते, हे सावध माणसाला मान्य नसते; तो ते कुळ्यालाच घालून पट्टे आवळून घेतो. सात माणसांसाठी बनलेल्या जागेत सात माणसे बसतात, सात फुगीर माणसे बसत नाहीत, हे गाडी सुरू झाल्यावर ध्यानात येते, आणि तोवर पट्ट्याची कळ अडकलेली असते. जॅकेटचे माप एकच. काकांना ते पोटावर मिटत नाही आणि नातवाच्या ते गुडघ्यापर्यंत येते.

गाडीतळावर चालक गाडी उभी करतो, दीड तासात परत या म्हणून सांगतो, आणि तिथून दगडधोंड्यांतून, ओढ्याच्या काठाकाठाने वीसेक मिनिटे चालावे लागते. या वाटेवर माकडांचे राज्य आहे. वनखात्याने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि खाद्यपदार्थ यांबाबत बजावलेले असते, पण चकली हा खाद्यपदार्थ नसून प्रवासाचे साधन आहे अशी आत्यांची धारणा असल्याने त्यांनी ती पदराखाली घेतलेली असते. माकडाला पदर आणि पिशवी यांतला फरक कळतो. ते झाडावर बसून चकलीचा एक तुकडा मोडून हुंगते, उरलेला खाली टाकते, आणि “भाजणी कमी पडली का?” अशी शंका आत्यांच्या चेहऱ्यावर उमटते. चकली चोरीला जाण्यापेक्षा ती नाकारली जाणे अधिक झोंबते.

अखेर धबधबा दिसतो. त्याच्याविषयी एक लोककथा सांगितली जाते. जंगलातील महालात राहणारी एक राजकन्या येथल्या तळ्यात स्नान करी आणि स्नानानंतर सोन्याच्या घागरीतले गोड दूध पिई. एके दिवशी झाडीआडून एक राजपुत्र पाहत असल्याचे दिसताच तिने लाजेने ती घागर उपडी केली, आणि दुधाचा पडदा होऊन ती झाकली गेली. कथेतील राजकन्येला एका राजपुत्रापुरता पडदा लागला. आज त्याच डोहात एका वेळी शंभरदीडशे माणसे उतरतात, निम्म्यांच्या हातात चालू कॅमेरा असतो, आणि पडद्याचे काम दोन वहिन्यांनी दोन टोकांना धरलेला एक टॉवेल करतो. “लवकर, माझे हात दुखतायत,” अशी सूचना टॉवेलच्या या बाजूने जाते आणि “डोकंच निघत नाहीये,” असे उत्तर त्या बाजूने येते. ओल्या कपड्यातून कोरड्या कपड्यात जाण्याची ही क्रिया धबधब्याइतकीच प्रेक्षणीय ठरते.

पाण्यात उतरण्याचे काही टप्पे आहेत. पाणी कडक उन्हातही गार असते, त्यामुळे आधी अंगठा, मग पाऊल, मग पोटरी आणि मग बराच वेळ काही नाही. या विश्रांतीत तळातले छोटे मासे पायांना हुळहुळू लागतात आणि “काहीतरी चावलं!” अशी किंकाळी उठते. असेच मासे शहरातल्या मॉलमध्ये काचेच्या टाकीत ठेवून ताशी दर लावला की माणसे त्यांच्यापुढे पाय सोडून डोळे मिटून बसतात. काकांचा मुद्दा वेगळाच असतो. ते कृष्णाकाठचे असून लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले असतात, आणि महापुरात पैलतीर गाठल्याची त्यांची हकिकत घरात दर श्रावणात सांगितली जाते.

“मला जॅकेट कशाला? उलट मीच चार जणांना वाचवीन.”

जीवरक्षक बोलत नाही, शिट्टी फुंकतो. काका जॅकेट घालतात, दोरीने आखलेल्या हद्दीत उतरतात आणि जोरदार हात मारतात. फोमने भरलेले जॅकेट माणसाला वर ढकलते, आणि कमरेचे पट्टे सैल असले तर जॅकेट वर जाते पण माणूस होता तिथेच राहतो. परिणामी काकांची हनुवटी जॅकेटच्या गळ्यात रुतते, हात कानांना लागतात आणि महापूर जिंकलेला पोहणारा जागच्या जागी गोल फिरू लागतो. प्रत्येक फेरीत ते काठावरच्या कुटुंबाकडे पाहून हसतात, आणि कुटुंबाला वाटते की त्यांना मजा येत आहे. प्रस्तुत अभ्यासकाचे पोहणे न्हाणीघरातील बादलीपुरते मर्यादित असल्याने आणि टिपणवही याच सुमारास पाण्यात पडल्याने, पुढच्या काही मिनिटांच्या नोंदी अस्पष्ट आहेत.

धबधब्याच्या मधल्या टप्प्याला छेदून रेल्वेचा पूल जातो. कॅसलरॉक ते कुळे हा घाट पोर्तुगीज काळात, १८८० च्या दशकात बांधला गेला. दर ३७ फुटांना एक फूट इतका त्याचा चढ असल्यामुळे गाडीला जादा इंजिने जोडून वर ढकलावे लागते. २०१३ साली ‘चेन्नई एक्स्प्रेस’ या चित्रपटात हा पूल झळकला आणि तेव्हापासून डोहातल्या प्रत्येक माणसाची मान पाण्याकडून पुलाकडे वळली. “आली, आली!” असा गलका होतो, शंभर कॅमेरे वर रोखले जातात, आणि धुके बाजूला सारून कोळशाची मालगाडी प्रकट होते. डबे मोजता मोजता पोरे दमतात. तरीही टाळ्या पडतात, कारण टाळ्यांसाठी वर केलेले हात नुसते खाली घेणे अवघड जाते. कधी प्रवासी गाडी आलीच तर तिच्यातील लोक खिडकीत गर्दी करून डोहातल्या माणसांची छायाचित्रे काढतात, डोहातली माणसे खिडकीतल्या माणसांची काढतात, आणि या घाईत धबधबा दोघांच्याही चौकटीतून निसटतो.

त्यानंतर शिट्टी वाजते. दीड तासापैकी जॅकेटचे पट्टे सोडवण्यात, टॉवेल धरण्यात, माकडामागे धावण्यात आणि आगगाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ वजा केला तर प्रत्यक्ष पोहण्यास अकरा-बारा मिनिटे मिळतात, आणि तीच घरी जाऊन “तास-दीड तास मनसोक्त डुंबलो” या रूपाने सांगितली जातात. यात खोटे काही नाही. पाण्यात गोल फिरणाऱ्या माणसाला वेळ लांब वाटतो.

परतीचा एकच टप्पा सांगण्यासारखा उरतो. सकाळी वेगवेगळ्या रंगांच्या असलेल्या जीपगाड्या दुपारपर्यंत लाल मातीने सारख्याच रंगाच्या होतात, चालक सर्व जाळीच्या टोप्या घालून सावलीत झोपलेले असतात, आणि “आपली कुठली?” या प्रश्नावर कुटुंबात सहा मते पडतात. एक कुटुंब आत्मविश्वासाने परक्या जीपमध्ये जाऊन बसते, चकलीचा डबा उघडते, आणि त्या गाडीचे खरे मालक आल्यावर “आधी आम्ही आलो” असा बचाव मांडते. बंगळुरूचा सातवा प्रवासी तेवढा योग्य गाडीपाशी शांतपणे उभा असतो. लग्नाच्या विषयातून सुटका व्हावी म्हणून दुसऱ्या गाडीत बसण्याची संधी त्याला होती. पण तोपर्यंत तो मुलीचा फोटो पाहून चुकलेला असतो.

ज्या वाचकांना ही सफारी करायची असेल त्यांनी कुळ्याला पोचताच आपल्या जीपचा क्रमांक तोंडपाठ करावा. तो मोबाइलमध्ये टिपून ठेवण्यात अर्थ नाही, कारण परतताना मोबाइल काकांच्या विजारीच्या खिशात असतो आणि काका पाण्यात गेलेले असतात.